उज्वलाला दिसायचं ते

नाशकात, द्वारकेच्या चौकात, टायरच्या दुकानाच्या वर, बारा जणांचं एक सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. खाली दिवसभर हॉर्न वाजत असतात आणि वर बसणाऱ्यांना ते कधीचेच ऐकू येईनासे झालेत. या ऑफिसात बुद्धभूषण गांगुर्डे चौदा वर्षं काम करतोय. वय बेचाळीस, राहायला उपनगर नावाच्याच वस्तीत, वडील महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. घरी तो भूषण आणि ऑफिसात भूषण सर. नाशकात वेबसाइटी बनवून पोट भरणारी जी माणसं आहेत, त्यांच्यात मात्र तो वैद्य म्हणून ओळखला जायचा.

हे वैद्यपण त्याला फुकट मिळालेलं नव्हतं. कुणाचंही पान अडलं, बटण दाबून काही होईना, यादी उघडेना, की फोन भूषणला. फोन उचलला की तो नमस्कारसुद्धा न म्हणता तीन प्रश्न विचारायचा. इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे कोऱ्या खिडकीत, उघडून बघितलं का? ब्राउझरला जोडलेली एक्स्टेन्शन, प्लगिनं सगळी बंद केली का? कॅशे साफ केला का? निम्मे रोगी एवढ्यातच बरे व्हायचे. कॉलेज रोडवरच्या एका पोराचं अर्ज भरायचं बटण दोन दिवस गायब होतं. बिचाऱ्यानं अख्खा कोड उसवून पुन्हा शिवला. भूषणनं फोनवरच सांगितलं, जाहिराती अडवणारं प्लगिन बंद कर. केलं, आणि बटण हजर. प्लगिननं ते जाहिरात समजून गिळलं होतं. असे किस्से भूषण चहाच्या टपरीवर रंगवून सांगायचा आणि ऐकणारेही हसून ऐकायचे, कारण उद्या आपलंही घोडं कुठेतरी पेंड खाणार हे प्रत्येकाला माहीत होतं.

त्याच्या ब्राउझरमध्ये उजव्या बाजूला डेव्हलपर टूल्सचं पॅनल कायम उघडं असायचं. वाचणाऱ्याला पान दिसतं ते वरचं. पानाच्या पोटात काय चाललंय, कुठली माहिती कुठून आली, कुठे चूक होऊन लाल अक्षरं उमटली, ते सगळं या पॅनलमध्ये कळतं. भूषण म्हणायचा, पॅनल बंद करून काम करणारा माणूस म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडणारा माणूस. ऑफिसात नवीन कुणी आलं की त्याच्या मशीनवर तो स्वतः बसून सगळं लावून द्यायचा. त्यात पॅनलमधल्या एका चौकोनात, कॅशे वापरू नको असं सांगणारी, टिक करायचा नेम होता. ब्राउझर एकदा आणलेल्या माहितीची प्रत स्वतःजवळ ठेवतो आणि पुन्हा मागितली की कधी कधी तीच जुनी प्रत पुढे करतो. ती टिक असली की प्रत्येक वेळी ताजी माहिती येते. कामाला सोयीचं. त्यात गैर काहीच नव्हतं.

उज्वला घुमरे या ऑफिसात आली ती टेस्टिंगसाठी. बनवलेलं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी वापरून बघायचं आणि चुका शोधायच्या, हे तिचं काम. सायखेड्याची मुलगी, सत्तावीस वर्षांची, बी.कॉम. झालेली. रोज सकाळच्या एसटीनं यायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. पहिल्याच आठवड्यात तिनं एका दवाखान्याच्या वेबसाइटवर अशी चूक काढली, जी दोन वर्षं कुणालाच दिसली नव्हती. मालक रोहित, म्हणजे भूषणपेक्षा दहा वर्षांनी लहान पण पगार देणारा माणूस, सगळ्यांसमोर म्हणाला, "हिची नजर लय बारीक आहे बरं का." उज्वला लाजली. भूषणनंही मान हलवली. त्याला ती आवडली होती, कारण ती न विचारता बडबड करायची नाही आणि दिसलं तेवढंच लिहायची.

मग निफाडकडच्या एका द्राक्ष उत्पादक संघाचं काम आलं. निर्यातीच्या बागेत कुठलं औषध कोणत्या तारखेला फवारलं, याची नोंद काटेकोर लागते. तारीख चुकली तर माल अडतो. संघाला ही नोंद कागदावरून वेबवर आणायची होती. आपल्या प्लॉटची यादी उघडायची, नोंद उघडायची, तारीख टाकायची, 'जतन करा' दाबायचं. सगळं बांधकाम भूषणचं होतं आणि तपासणी उज्वलाची.

सप्टेंबरच्या शेवटी तिनं पहिली तक्रार लिहिली. नोंदीतली तारीख बदलून जतन केली, यादीत परत आले, तर जुनीच तारीख दिसते. पुन्हा नोंद उघडली तर आतही जुनीच. जतन झालं नाही असं समजून पुन्हा जतन दाबलं, तर मघाशी भरलेली बरोबर तारीख खरोखरच पुसली जाते आणि जुनी कायम होते.

भूषणनं आपल्या मशीनवर करून बघितलं. तारीख बदलली, जतन केलं, परत आला. नवी तारीख. पाच वेळा केलं, पाचही वेळा नवी. त्यानं तक्रारीखाली लिहिलं, 'रिप्रोड्यूस होत नाही', आणि ती बंद केली. या धंद्यात हे रोजचं आहे. तक्रार करणाऱ्याकडे होतं ते दुरुस्त करणाऱ्याकडे झालं नाही, तर तक्रार बंद होते.

दोन दिवसांनी उज्वलानं ती पुन्हा उघडली. या वेळी भूषण तिच्या टेबलाशी गेला.

"दाखव."

"आत्ता होत होतं सर." तिनं तारीख बदलायला घेतली.

"थांब, पॅनल कुठंय तुझं?" त्यानं वाकून F12 दाबलं. पॅनल उघडलं. "आता कर."

तिनं केलं. नवी तारीख दिसली. पुन्हा केलं. पुन्हा नवी.

"कुठं होतंय?"

"मघाशी झालं होतं सर, खरंच."

"मघाशी," भूषण म्हणाला आणि हसला. शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. त्यात कुचेष्टा फार नव्हती, ऑफिसात असं चालायचंच. पण उज्वला हसली नाही, आणि तिच्याकडे कुणी बघितलंही नाही.

मग भूषणनं आपलं नेहमीचं औषध काढलं. तिच्या ब्राउझरमधली एक्स्टेन्शन एकेक करून काढायला घेतली. मराठी टाइप करायचं एक होतं, ते काढलं. पासवर्ड लक्षात ठेवणारं होतं, तेही गेलं. पानाचा फोटो काढणारं एक प्लगिन होतं. उज्वला त्यानंच सापडलेल्या चुकांचे पुरावे जोडायची. भूषण म्हणाला, "हे पानात कायकाय घुसवतं, काही सांगता येत नाही," आणि तेही उडवलं. तिनं फक्त विचारलं, "मग फोटो कसा काढू सर?" तो म्हणाला, "मोबाइलनं काढ."

पुढच्या वेळी तिनं मोबाइलनं काढला. पडद्यावर जुनी तारीख स्वच्छ दिसत होती. भूषण म्हणाला, फोटोत काय, काहीही दिसतं, कन्सोलमध्ये दाखव. कन्सोलमध्ये दाखवायला पॅनल उघडावं लागायचं. आणि पॅनल उघडलं की ते व्हायचंच नाही.

असं अकरा वेळा झालं. ऑक्टोबर छाटणी उरकली, बागांत फवारण्या सुरू झाल्या, दिवाळी येऊन गेली आणि उज्वलाची ती एकच तक्रार उघडत-मिटत राहिली. कधी ती बोलवायला यायची आणि भूषण म्हणायचा चहा घेऊन येतो. चहा घेऊन येईस्तोवर दहा-पंधरा मिनिटं जायची आणि तेवढ्यात ते आपोआप बरं झालेलं असायचं. तिच्या लिहिण्यात हळूहळू बदल होत गेला. आधी ती लिहायची, 'जुनी तारीख दिसते.' मग लिहायला लागली, 'कधी कधी जुनी तारीख दिसते.' मग, 'मला वाटतं जुनी तारीख दिसली असावी.' बाराव्यांदा तिनं तक्रार उघडलीच नाही. भूषणनं सुटकेचा श्वास सोडला. हे त्याला पुढे आठवत राहिलं, तो श्वास.

डिसेंबरमध्ये संघाच्या निफाडच्या ऑफिसात प्रात्यक्षिक होतं. रोहित आणि भूषण गेले. संघाचे अध्यक्ष देवराम आप्पा, सत्तरीचे, टोपी मांडीवर ठेवून बसलेले. त्यांनी भूषणचा लॅपटॉप बाजूला सारायला लावला. म्हणाले, "तुमचं यंत्र तुमच्या वळणाचं. आमच्या कंप्युटरवर चालवून दाखवा." संघाच्या कंप्युटरवर पॅनल वगैरे काही नव्हतं. क्लार्कनं तारीख बदलली, जतन केलं, परत आला. जुनी तारीख. पुन्हा जतन केलं आणि खरी तारीख पुसून गेली.

"हे असं व्हायला लागलं तर आमचा माल बंदरावर सडंल," आप्पा शांतपणे म्हणाले. "दुरुस्त करून आणा, मग बोलू."

परतीच्या वाटेवर गाडीत रोहितनं विचारलं, "भूषण सर, हे टेस्टिंगमध्ये सापडलं नव्हतं का?"

आयुष्यात काही प्रश्न असे येतात की खरं उत्तर द्यायला एक वाक्य पुरतं आणि माणूस तीन वाक्यं बोलतो. भूषण म्हणाला, "उज्वलानं लिहिलं होतं काहीतरी. पण तिला स्वतःलाच खात्री नसायची. आज म्हणायची होतंय, दाखव म्हटलं की व्हायचं नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून तर तो इतक्या सहज बोलला.

महिनाअखेरीला रोहितनं उज्वलाला बोलावून सांगितलं की पुढच्या महिन्यापासून येऊ नको. संघाला काहीतरी दाखवायला हवं होतं, कुणीतरी जायला हवं होतं, आणि बारा जणांत जायला सगळ्यांत सोपी तीच होती. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं आपल्याकडे म्हणतात. इथं गंमत एवढीच की आपण चोर आहोत हे चोरालाही ठाऊक नव्हतं. उज्वला सगळ्यांना भेटून गेली. भूषणच्या टेबलाशी येऊन म्हणाली, "सर, माझ्यामुळं तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं, माफ करा." तो म्हणाला, "अगं असं काय, मिळेल दुसरीकडे." आणि पॅनलकडे वळला.

जानेवारीत त्याच्या लॅपटॉपचा पडदा गेला. दुरुस्तीला दोन दिवस लागणार होते, म्हणून तो उज्वलाच्या रिकाम्या टेबलावर बसला. तिचं मशीन जुनं, पडदा लहान. पॅनल उघडलं की पान निम्मं झाकलं जायचं, म्हणून वैतागून त्यानं ते बंद केलं. संघाची ती चूक शोधायची होतीच. त्यानं नोंद उघडली, तारीख बदलली, जतन केलं, यादीत परत आला.

जुनी तारीख.

त्यानं सवयीनं F12 दाबलं. पॅनल उघडलं. पुन्हा केलं. नवी तारीख. पॅनल बंद केलं. जुनी. उघडलं. नवी. सकाळी अकरापासून दीडपर्यंत तो तेच करत बसला. खरं कारण त्याला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं, बाकीचा वेळ तो नुसता ते नसावं म्हणून धडपडत होता. कॅशेची ती टिक फक्त पॅनल उघडं असतानाच काम करते. हे त्याला बारा वर्षांपासून माहीत होतं, पोरांना त्यानंच शिकवलं होतं. आणि यादी भराभर उघडावी म्हणून उन्हाळ्यात एक ओळ त्यानंच लिहिली होती. ब्राउझरनं ही यादी आणि तिच्यातल्या नोंदी दहा मिनिटं जुन्या दाखवल्या तरी हरकत नाही, अशा अर्थाची. दहा मिनिटं. त्याच्या चहाला लागायचा तेवढाच वेळ.

म्हणजे शेतकऱ्याला जे दिसणार होतं ते उज्वलाला दिसत होतं, कारण ती शेतकऱ्यासारखी पॅनल न उघडता काम करत होती. भूषण बघायचा तो पॅनल उघडूनच बघायचा. अख्ख्या नाशकाला इन्कॉग्निटोत बघा, सगळं बंद करून बघा, असं सांगणाऱ्या माणसानं एकदाही आपलं पॅनल बंद करून बघितलं नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्याची आई ही म्हण त्याच्या वडिलांवर वापरायची, आणि भूषण तेव्हा फार हसायचा.

ती ओळ काढायला दोन मिनिटं लागली. बदलाखाली काय केलं ते लिहायचा रिवाज आहे. भूषणनं लिहिलं, 'यादी नेहमी ताजी राहावी म्हणून सुधारणा.' चूक कुणाची, कुणी सांगितली होती, काही नाही. दुसऱ्या आठवड्यात निफाडला प्रात्यक्षिक झालं, देवराम आप्पांनी टोपी डोक्यावर चढवली आणि काम मंजूर केलं. रोहितनं ऑफिसात जिलबी मागवली. "कुणाला सापडत नव्हतं ते भूषण सरांनी शोधलं," म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भूषणनं जिलबी खाल्ली. तिची चवही त्याला पुढे कित्येक दिवस आठवायची.

तीन आठवडे तो काही बोलला नाही. आपण वाईट माणूस आहोत असं त्याला वाटत नव्हतं, आणि आपण केलं ते चांगल्या माणसानं केलेलं नाही हेही दिसत होतं. या दोन गोष्टी एकत्र बसेनात. फोनवर कुणी अडचण सांगायला लागलं की तो आपले तीन प्रश्न विचारेना. म्हणायचा, "तुला दिसतंय ना? मग होत असणार. नीट सांग." लोकांना वाटलं, भूषण सर दमलेत.

त्याची बायको मोहिनी बिटको चौकाच्या पुढच्या एका शाळेत शिकवते. एका रविवारी दुपारी पोह्याच्या बशा धुताना तिनं सरळ विचारलं, "झालंय काय तुला?" त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, ते गाडीतलं वाक्यसुद्धा. मोहिनीनं नळ बंद केला.

"डिप्लोमाला असताना प्रॅक्टिकलला तुझं मशीन बिघडलं होतं, आणि सरांनी तुझं ऐकलंच नव्हतं. लग्न झाल्यापासून वीस वेळा तरी सांगितलंयस मला," ती म्हणाली. "तुला अजून राग येतो त्यांचा."

"हे तसं नाही."

"कसंय मग?"

त्यानं धुतलेली बशी पुसायला घेतली. मोहिनी म्हणाली, आधी रोहितला सांग, मग सायखेड्याला जा. हा क्रम बदलू नकोस, तिला नुसती माफी घेऊन जाशील तर ती तुझ्याच समाधानासाठी असेल.

सोमवारी त्यानं रोहितला केबिनमध्ये जाऊन सांगितलं. रोहितनं ऐकून घेतलं, पेन टेबलावर टकटक वाजवलं. "जाऊ द्या ना सर. झालं ते झालं. तिची जागा अजून रिकामीच आहे, बोलवा परत. पगारही वाढवून देऊ." भूषण म्हणाला, सगळ्यांसमोर सांगायला हवं. रोहित म्हणाला, ती आली की सांगा. हे इतकं सोपं निघालं की भूषणला उलट जास्त वाईट वाटलं. तीन आठवडे तो ज्याला घाबरत होता तो माणूस दोन मिनिटांत मोकळा झाला होता.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी तो मोटारसायकल घेऊन निघाला. चांदोरीच्या पुढे गोदावरीचा पूल ओलांडला आणि सायखेड्यात विचारत विचारत उज्वलाच्या घरी पोचला. तिच्या भावानं सांगितलं की ती पॅकहाऊसवर गेलीय, द्राक्षाच्या. पॅकहाऊस गावाबाहेर होतं, पत्र्याच्या छताचं मोठं शेड. आत थंडगार. लांब टेबलांच्या दोन्ही बाजूंना डोक्याला जाळीच्या टोप्या घातलेल्या बाया उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात छोटी कात्री. क्रेटमधून घड उचलायचा, फिरवून बघायचा, डागी, तडकलेला, सडका मणी दिसला की कापून काढायचा आणि घड डब्यात ठेवायचा.

उज्वला तिसऱ्या टेबलावर होती. भूषणला बघून ती दचकली. मुकादमाला विचारून हात पुसत बाजूला आली नाही, तिथंच टेबलाशी उभी राहिली. म्हणाली, "काम सुटतंय सर, इथंच बोला." शेजारी बयाबाई नावाची पन्नाशीची बाई होती. ती ऐकत नाही असं दाखवत ऐकायला लागली.

भूषण वाटेत जुळवून आणलेलं सगळं विसरला. त्यानं सरळ सांगितलं. "तुला दिसत होतं ते खरं होतं. अकराही वेळा. मी पॅनल उघडून बघायचो म्हणून मला दिसत नव्हतं. चूक माझीच होती, कोडमधली पण आणि नंतरची पण. रोहितला मी जे सांगितलं त्यामुळं तुझी नोकरी गेली. मी त्यालाही हे सांगितलंय. तू परत ये. सगळ्यांसमोर सांगणारे मी."

उज्वला ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. आला नाही.

"पॅनल उघडल्यावर जायचं होय," ती म्हणाली. "मला वाटलं होतं एकदा, पण म्हटलं असं कसं असंल." मग म्हणाली, "मी डोळे तपासून घेतले होते सर तेव्हा. द्वारकेलाच. तुम्हाला कुणालाच दिसत नाही आणि मलाच दिसतं, म्हणजे माझ्या डोळ्यातच काही असणार. डॉक्टर म्हणाले डोळे एकदम चांगलेत, नंबर नाही काही. मग मला लय भीती वाटली."

"चांगलेत म्हटल्यावर भीती?"

"डोळे चांगलेत म्हणल्यावर मग डोक्यातच असणार ना."

भूषणला आपण एका मुलीची नोकरी घालवली एवढंच माहीत होतं, आणि ती परत द्यायला तो आला होता. हे दुसरं काहीतरी होतं, ज्याची त्याला कल्पनाच नव्हती, आणि जे रोहितच्या केबिनमध्ये मिळत नव्हतं.

"ये तू परत," तो पुन्हा म्हणाला. "सोमवारपासून ये."

"नको सर." तिनं मान हलवली. अढी नव्हती त्यात, नुसतं नको होतं. "तुम्ही एवढं सांगायला आले, चांगलं वाटलं. पण तिथं बसले की परत तसंच होईल. घरी कडी लावली की तीनदा बघते मी अजून. इथं बरंय. बयामावशी असते शेजारी."

"लय गुणाची पोर हाय," बयाबाई आता उघड बोलली. "हात बी भारी चलतो. पर घडाघडाला मला इचारती, मावशी ह्यो काढू का? म्या म्हणते, तुला दिसतंय ना, मंग काढ की. तरी इचारती."

उज्वला ओशाळून हसली. मुकादमानं लांबून हाक दिली तशी तिनं क्रेटमधला घड उचलला. हिरव्या-पिवळ्या मण्यांचा, भरगच्च, बघायला निर्दोष. ती तो ट्यूबच्या उजेडात फिरवू लागली. एका जागी तिचे डोळे थांबले. कात्री मण्याच्या देठापाशी गेली आणि तिथंच थबकली. बयाबाई वाकून दुसरा क्रेट ओढत होती. उज्वलानं इकडंतिकडं बघितलं आणि घड भूषणसमोर धरला.

"सर, इथं चीर आहे का हो?"

त्याला काहीच दिसलं नाही. त्यानं घड हातात घेऊन अगदी नाकाजवळ आणला, उजेडाकडे वळवला. मग देठाच्या आतल्या बाजूला, सुईच्या टोकाएवढी, एक चीर दिसली.

"आहे," तो म्हणाला. "तू बरोबर बघितलंस, उज्वला."

"बरं," ती म्हणाली आणि तिनं मणी कापला. घड डब्यात ठेवला, क्रेटमधून दुसरा उचलला, फिरवून बघितला, आणि तोही त्याच्यासमोर धरला.